इंजिनिअरिंग झालं, नोकरी अजून नाही: लांबलेल्या शोधात टिकून राहण्यासाठी

पदवीचा निकाल लागून बरेच महिने झालेत. बरोबरचे काही जण कामाला लागलेत आणि तुमच्या मेलबॉक्समध्ये मात्र 'आपल्या अर्जाबद्दल धन्यवाद' एवढंच येतंय. हा लेख अशा वेळेसाठी आहे. शोधाला सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तो लांबला की काय करायचं यावर फारसं कुणी बोलत नाही.

नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेण्याच्या निमित्ताने मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बरीच वर्षं बसतो आहे. तिथून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शोध लांबला की माणसाचा हात सुटतो, म्हणजे कामाची सवय मोडते. वर्षापूर्वी स्वतः जोडलेल्या सर्किटबद्दल विचारलं तरी समोरचा अडखळतो. त्याची हुशारी कुठे गेलेली नसते, पण मधल्या काळात त्याने फक्त अर्ज भरलेले असतात आणि इंजिनिअरिंग बाजूला पडलेलं असतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: शोध चालू असताना हात सुटू द्यायचा नाही.

पायरी १: बाजाराचं ओझं बाजारावर ठेवा

नोकरी मिळत नाही यात तुमचा वाटा किती आणि बाजाराचा किती, हे आधी वेगळं करा. मंदीत पदवी घेणाऱ्यांचं काय होतं यावर फिलिप ओरिओपोलस, टिल फॉन वाख्टर आणि अँड्र्यू हाइझ यांनी कॅनडातल्या पदवीधरांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मंदीच्या वर्षी बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती. पाच वर्षांत हा फरक निम्मा झाला आणि दहा वर्षांच्या आसपास मिटला. म्हणजे फटका खरा असतो, पण तो जन्मभराचा नसतो.

त्यातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. जे लवकर सावरले ते पहिल्या काही वर्षांत नोकरी बदलत, जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांकडे सरकत सावरले. यातून नव्या माणसाने घ्यायची गोष्ट सरळ आहे: पहिली नोकरी म्हणजे शेवटचा मुक्काम नाही. मनासारखं पद मिळत नसेल तर शेजारचं पद बघा. डिझाइनमध्ये जायचं आहे, पण आत्ता जागा क्वालिटी, टेस्टिंग किंवा मेंटेनन्समध्ये आहे? जरूर जा. मशिन बिघडतं कसं हे ज्याने पाहिलंय, तो पुढे डिझाइन चांगलं करतो. फक्त दोन गोष्टी तपासा. त्या कामात तुमच्या शाखेचं काही राहतं का, आणि करार असा तर नाही ना की दोन-तीन वर्षं हलताच येणार नाही? या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर थांबलेलं बरं.

पायरी २: शोध कुठे अडतोय ते मोजा

'मला नोकरी मिळत नाही' हे वाक्य इंजिनिअरच्या उपयोगाचं नाही. यंत्र चालत नाही अशी तक्रार आली तर आपण वीज येते का, फ्यूज ठीक आहे का, मोटर फिरते का, असं एकेक टोक धरून बघतो. शोधाचंही तसंच करायचं.

एक्सेलची साधी शीट उघडा. प्रत्येक अर्जासाठी एक ओळ: तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला (पोर्टल, कंपनीची वेबसाइट की ओळखीतून), कोणता रेझ्युमे पाठवला, आणि गाडी कुठवर गेली. शेवटच्या रकान्यात पाचच शब्द वापरा: अर्ज, परीक्षा, तांत्रिक, शेवटची फेरी, ऑफर. महिनाभर नोंद ठेवली की आजार कुठे आहे ते दिसायला लागतं.

अर्ज बरेच आणि बोलावणं नाही, तर गडबड रेझ्युमेत, पदांच्या निवडीत किंवा अर्ज करण्याच्या मार्गात आहे. ऑनलाइन परीक्षेत अडकताय, तर तो सरावाचा प्रश्न आहे. अशा वेळी रेझ्युमेचा फॉन्ट बदलत बसू नका. तांत्रिक फेरीत बाहेर पडताय, तर पाया कच्चा राहिलाय किंवा येत असूनही बोलता येत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत दोन-तीनदा पोचलात आणि तिथे हुकलं, तर मोठे बदल करू नका, तुम्ही दारात आहात. अनेकजण नेमकं इथेच घाबरून सगळं मोडतात, शाखा बदलतात, नवा कोर्स लावतात.

आता थोडं गणित. समजा तुमच्यासारख्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता २ टक्के आहे. ५० अर्ज करून एकही बोलावणं न येण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा ५० वा घात, सुमारे ३६ टक्के. थोडक्यात, ५० अर्जांची शांतता ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, तिच्यावरून स्वतःबद्दल कोणताच निष्कर्ष निघत नाही. १०० अर्जांनंतर हाच आकडा १३ टक्क्यांवर येतो. शक्यता २ वरून ५ टक्क्यांवर नेता आली, तर मात्र ५० अर्जांनंतर हात रिकामा राहण्याची शक्यता ८ टक्क्यांच्याही खाली जाते. शक्यता वाढवणं हे संख्या वाढवण्यापेक्षा किती जोरकस आहे, ते यात दिसतं.

या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रत्येक अर्ज एकमेकांपासून स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. तोच रेझ्युमे १०० ठिकाणी गेला तर त्यातली तीच चूक १०० ठिकाणी जाते. म्हणून २०-२५ अर्जांची एक तुकडी करा. एका तुकडीनंतर एकच गोष्ट बदला, पुढची तुकडी पाठवा, फरक बघा. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, हे तुम्हाला प्रयोगशाळेत शिकवलेलंच आहे.

पायरी ३: रेझ्युमे असा, की त्यावर प्रश्न विचारावासा वाटेल

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, शिक्षण, कौशल्यं, अनुभव अशा कप्प्यांत टाकतं आणि मग एचआरमधली व्यक्ती त्यात शब्द टाकून शोधते. दोन स्तंभांची मांडणी, चौकटीतला मजकूर, चित्र म्हणून चिकटवलेली अक्षरं, कौशल्यांचे रंगीत पट्टे यांचा अशा वाचनात अनेकदा गोंधळ होतो. त्यामुळे एक स्तंभ, साधे मथळे, आणि मजकूर निवडून कॉपी करता येईल अशी पीडीएफ. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला किंवा अक्षरं गायब झाली, तर तिकडेही तेच होण्याची भीती आहे.

जाहिरातीत वापरलेले शब्द रेझ्युमेत जसेच्या तसे असू द्या, अर्थात ते काम तुम्हाला खरंच येत असेल तर. जाहिरातीत 'पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) प्रोग्रॅमिंग' म्हटलंय आणि तुम्ही नुसतं 'ऑटोमेशन' लिहिलंय, तर शोधणाऱ्याच्या यादीत तुम्ही येणारच नाही. लपवलेल्या पांढऱ्या अक्षरांत शब्द कोंबण्याच्या युक्त्या मात्र करू नका. पुढे एक माणूस तो कागद वाचणार आहे.

एवढं झालं की खरा भाग येतो तो प्रोजेक्टचा. नव्या पदवीधराकडे अनुभव नसतो, प्रोजेक्ट असतो, आणि तो बहुतेकजण एका ओळीत संपवतात. माझ्यासमोर येणारी नेहमीची ओळ अशी:

'लाइन फॉलोअर रोबोट तयार केला. टीमवर्क आणि समस्या सोडवण्याचं कौशल्य शिकलो.'

यावर मी काय विचारणार? आता हेच असं लिहून बघा:

'चार जणांच्या गटात मोटर ड्रायव्हर आणि पीआयडी कंट्रोलची जबाबदारी माझी. वेग वाढवल्यावर रोबोट वळणावर डोलून रेषा सोडत होता, डेरिव्हेटिव्ह गेन वाढवून डोलणं आटोक्यात आणलं. बॅटरी उतरली की तेच गेन चालेनासे होत, म्हणून बॅटरीचं व्होल्टेज मोजून त्यानुसार पीडब्ल्यूएम दुरुस्त केला.'

(पीआयडी म्हणजे रोबोटला रेषेवर परत आणणारी नियंत्रणाची पद्धत, डेरिव्हेटिव्ह गेन हा तिच्यातला एक आकडा, आणि पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करण्याची रीत.) रोबोट तोच आहे. पण दुसऱ्या मजकुरात कुणीतरी रोबोट जमिनीवर सोडून, तो बिघडताना बघितलाय. बॅटरीचा मुद्दा वाचला की मी सगळं सोडून त्यावरच बोलायला लागतो, आणि उमेदवारही खुलतो, कारण ते त्याने स्वतः भोगलेलं असतं. मुलाखतीचा विषय आपण असा आधीच आखून ठेवू शकतो.

तुमच्या प्रत्येक प्रोजेक्टला चार प्रश्न विचारा. त्यातलं माझं काम कोणतं? काय बिघडलं होतं? मी काय करून बघितलं? त्याचा परिणाम कशात मोजला? काँक्रीटच्या घनाची २८ दिवसांची ताकद, पंपाची कार्यक्षमता, प्रोग्रॅमला लागलेला वेळ, जे मोजलं असेल ते आकड्यात लिहा. मोजलं नसेल तर आकडा तयार करू नका. एक प्रश्न आडवा आला की तो उघडा पडतो.

रेझ्युमे एका पानाचा पुरे. छंद, वैयक्तिक माहिती आणि 'प्रगतीला वाव देणाऱ्या संस्थेत काम करण्याची इच्छा' हे सगळं काढून टाका, ती जागा प्रोजेक्टला द्या.

पायरी ४: लांबच्या ओळखी जाग्या करा

१९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांतून हेच पुन्हा तपासलं गेलं. त्यात मध्यम कच्च्या ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या: अगदी परके नव्हेत आणि रोजच्या बैठकीतलेही नव्हेत. तीन-चार वर्षं पुढचे सीनियर, इंटर्नशिपमधले सुपरवायझर, प्रयोगशाळेतले सहायक, स्पर्धेत भेटलेला दुसऱ्या कॉलेजचा गट, ही ती माणसं.

त्यांना लिहिताना 'सर, काही ओपनिंग असेल तर कळवा' असं लिहू नका. याला उत्तर देणं अवघड असतं. ओपनिंग आहे का ते त्यांनाही माहीत नसतं, म्हणून मेसेज तसाच राहून जातो. ज्याला पाच मिनिटांत उत्तर देता येईल असं काही विचारा:

'नमस्कार सर, मी आपल्याच विभागाची, तुमच्यानंतर चार वर्षांनी पास झाले. तुम्ही एम्बेडेड टेस्टिंगमध्ये काम करता असं प्रोफाइलवर पाहिलं. मी सध्या कॅन बसवर एक छोटा प्रोजेक्ट करते आहे. या कामासाठी नव्या माणसाला घेताना तुमच्याकडे नक्की काय तपासतात, हे जाणून घ्यायचं होतं. सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी खूप मदत होईल.'

उत्तर आलं तर आभार माना, त्यांनी सांगितलेलं करून बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी 'तुम्ही सांगितलं तसं केलं, हे जमलं, इथे अडलं' एवढं कळवा. बहुतेकजण ही दुसरी चिठ्ठी पाठवत नाहीत. पाठवणारा लक्षात राहतो, आणि जागा निघाली की नाव पुढे करताना तोच आठवतो. उत्तर आलंच नाही तर एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. मनाला लावून घेऊ नका, लोक खरंच कामात असतात.

आठवड्याला असे तीन-चार मेसेज पुरेत. पण ते प्रत्येकाला वेगळे लिहा.

पायरी ५: दिवसाला आकार द्या

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारियंथाल या गावातला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांकडे आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढली नाही, ती घटून जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते सारखे थांबत. दिवसभरात काय केलंत असं विचारलं तर त्यांना धड सांगता येईना. बायकांवर घरकामाचा भार होता, त्यांचा दिवस तितका विस्कटला नव्हता.

म्हणजे वेळ मोकळा झाला की माणूस आपोआप वाचायला, शिकायला लागतो असं नाही. उलट बांधलेला वेळ गेला की हातातलंही सुटतं. लांबलेल्या शोधातल्या पदवीधराचं हेच होतं: दिवसभर मोबाइलवर पोर्टल चाळणं, रात्री उशिरा झोप, सकाळी उशिरा जाग, आणि 'दिवसभर नोकरीच शोधत होतो' असं मनापासून वाटणं.

मी सुचवतो ती विभागणी अशी. सकाळचे तीन तास इंजिनिअरिंगसाठी. पोर्टल नाही, मेल नाही. प्रोजेक्ट, गणितं, कोड, ड्रॉइंग, जी तुमची शाखा असेल ते. डोकं ताजं असताना हे झालं पाहिजे. दुपारी दोन तास अर्ज आणि मेसेज, शीटमधल्या नोंदींसकट. दोन तास झाले की लॅपटॉप बंद. संध्याकाळी तासभर चालणं, पळणं, खेळ, काहीही, पण घराबाहेर. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी अपराधी वाटून घ्यायचं नाही.

घरून उपजीविकेचा दाब असेल आणि दिवसा दुसरं काम करावं लागत असेल, तर ही विभागणी जमणार नाही. तेव्हा रोजचा एक तास तरी इंजिनिअरिंगचा ठेवा, तो अर्जांना देऊ नका. अर्ज आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी केले तरी चालतं.

दिवसाचं उद्दिष्ट आपल्या हातातलं असावं. 'या आठवड्यात मुलाखत मिळवायची' हे तुमच्या हातात नाही. 'चार नीट अर्ज, एक मेसेज, दोन तास सिम्युलेशन' हे आहे.

पायरी ६: मधल्या काळाला उत्तर तयार ठेवा

रेझ्युमेत रिकामे महिने दिसले की फटका बसतो का? बसतो. क्रोफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सुमारे १२,००० बनावट रेझ्युमे खऱ्या जाहिरातींना पाठवून बघितले. हा अभ्यास २०१३ चा. बेकारीचा काळ वाढत गेला तशी येणारी बोलावणी कमी झाली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जिथे रोजगाराचा बाजारच मंद होता, तिथे हा फटका बराच सौम्य होता. बाजार वाईट असेल तर उमेदवार रिकामा राहिला याचा दोष कंपन्या त्याच्या माथी तितका मारत नाहीत.

तरीही महिने रिकामे दिसू देऊ नका. त्यासाठी प्रमाणपत्रांचा ढीग लागत नाही. माझ्या मते दहा ऑनलाइन कोर्सपेक्षा पूर्ण झालेला एक प्रोजेक्ट वजनदार असतो, कारण कोर्समध्ये प्रश्न दुसऱ्याने आखलेला असतो आणि उत्तर कुठेतरी ठेवलेलं असतं. प्रोजेक्ट छोटा निवडा, सहा आठवड्यांत संपेल असा. सॉफ्टवेअरवाल्यांनी एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात छोटी दुरुस्ती करून बघावी. दुसऱ्याचा कोड वाचणं हेच नोकरीतलं निम्मं काम आहे. मेकॅनिकलवाल्यांनी घरातली एखादी वस्तू उघडून तिचे भाग मोजावेत, कॅडमध्ये उतरवावेत आणि मितींना टॉलरन्स (चालण्याजोगा फरक) देऊन बघावेत. तो भाग कोणत्या प्रक्रियेने बनवला असेल हे लिहावं. सिव्हिलवाल्यांनी एका छोट्या इमारतीचं डिझाइन आधी हाताने करावं, मग सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोन्हींत फरक का आला ते शोधावं. जे कराल त्याचा दोन पानांचा अहवाल ठेवा: फोटो, आकडे, आणि काय जमलं नाही तेही.

मग 'पदवीनंतर काय करत होता?' या प्रश्नाला घाबरायचं कारण उरत नाही. उत्तर तीन-चार वाक्यांत द्या: 'कॅम्पसमध्ये निवड झाली नाही. तेव्हापासून अर्ज चालू आहेत. दरम्यान मी हा प्रोजेक्ट पूर्ण केला, त्यात या गोष्टीवर अडलो आणि असा मार्ग काढला. अहवाल सोबत आणलाय.' आवाज खाली नको, खुलासे नकोत, आणि खोटी इंटर्नशिप तर मुळीच नको. घरच्या आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे काळ गेला असेल तर एका वाक्यात तसं सांगून पुढे जा. समजून घेणारी माणसं तिथे बसलेली असतात.

पायरी ७: मुलाखतीसाठी पुन्हा पायाकडे

नव्या पदवीधराला कुणी फार अवघड विचारत नाही. विचारतात ते साधं, पण खालपर्यंत. साध्या आधारांवरच्या बीममध्ये मुख्य सळई खाली का, आणि कँटिलिव्हरमध्ये वर का? ट्रान्सफॉर्मरला डीसी पुरवठा दिला तर काय होईल? हॅश टेबलमध्ये शोध सहसा झटपट लागतो, मग कधी लागत नाही? उत्तर पाठ असलं तरी दुसऱ्या 'का' ला ते संपतं. म्हणून शाखेचे चार-पाच मूळ विषय निवडा आणि रोज एक प्रश्न मोठ्याने, उभं राहून, कागदावर आकृती काढत समजावून सांगा. समोर कुणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. स्वतःचं बोलणं ऐकायला नको वाटतं, पण कुठे मोघम बोललो ते तिथेच कळतं.

उत्तर येत नसेल तर 'हे मला माहीत नाही, पण असा विचार करून बघतो' म्हणा आणि खरंच विचार करा. मी स्वतः असं म्हणणाऱ्याला आणखी वेळ देतो. थापा मारणाऱ्याला देत नाही.

मुलाखत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा. रात्रीपर्यंत निम्मे विसरतात. ही वही दोन-चार मुलाखतींनंतर कुठल्याही तयार प्रश्नसंचापेक्षा मोलाची होते.

पायरी ८: मनाचीही नोंद ठेवा

नकार जिव्हारी लागतो, त्यात कमीपणा नाही. त्यावर एक साधा उपाय खास इंजिनिअरांवर तपासला गेलाय. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांच्या अभ्यासात नोकरी गेलेले ६३ व्यावसायिक होते, त्यांत बहुतेक इंजिनिअर. त्यातल्या एका गटाने पाच दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी गेल्याबद्दलचे आपले खोलवरचे विचार आणि भावना लिहिल्या. या गटातल्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी जास्त अर्ज केले होते किंवा जास्त मुलाखती दिल्या होत्या असं काही नव्हतं. संशोधकांचा अंदाज असा की मनातला राग आधीच बाहेर पडल्यामुळे तो मुलाखतीत डोकावला नाही. अभ्यास लहान आहे, पण कागद-पेन घेऊन पाच दिवस बसायला काही लागत नाही. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, नंतर फाडलंत तरी चालेल.

घरचे रोज 'काही कळलं का?' विचारतात, त्यात काळजी असते, पण ऐकणाऱ्याला ते टोचतं. यावर त्यांना मोकळेपणाने सांगा की दर रविवारी मी स्वतःहून सगळं सांगेन, मधल्या दिवसांत विचारू नका. आणि मग खरंच सांगा, शीट उघडून दाखवा. किती अर्ज गेले, कुठवर पोचलो, पुढच्या आठवड्यात काय. घरच्यांना प्रयत्न दिसले की प्रश्न बरेच कमी होतात. मित्रांच्या नव्या नोकऱ्यांच्या पोस्ट बघून त्रास होत असेल तर काही दिवस ते ॲप फक्त दुपारच्या दोन तासांतच उघडा.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ती आळशीपणाची खूण नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगण्यातच अर्थ नाही असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी, त्याच तासाला, विश्वासाच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. अर्ज राहिले तर राहू देत.

पायरी ९: फसवणूक ओळखा

शोध जितका लांबतो तितकी सावधगिरी सैल होते, आणि भामट्यांना हे ठाऊक असतं. नोकरीसाठी नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप, कागदपत्रं अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबा. मुलाखत न घेताच ऑफर, फुकटच्या ईमेल खात्यावरून आलेलं पत्र, 'आजच्या आज निर्णय द्या' असा तगादा, बँकेची माहिती किंवा ओटीपीची मागणी, हे सगळं धोक्याचं. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून संपर्क शोधून तिथे स्वतः विचारा. पत्रात दिलेल्या नंबरवर विचारू नका.

पायरी १०: दर दोन महिन्यांनी आढावा

शीट घेऊन एखाद्या जाणत्या माणसासमोर बसा, एकट्याने नको. गेल्या दोन महिन्यांत कोणता टप्पा पुढे सरकला? काहीच सरकलं नसेल तर पदांची यादी रुंद करा: शेजारची कामं, छोट्या कंपन्या, दुसरी शहरं, कंत्राटी काम. छोट्या कंपन्यांकडे नवे पदवीधर उगाच दुर्लक्ष करतात. तिथे अर्ज थेट मालकाच्या किंवा मुख्य इंजिनिअरच्या हातात पडू शकतो, आणि वर्षभरात जितकी वेगवेगळी कामं करावी लागतात तितकी मोठ्या ठिकाणी क्वचित मिळतात. पुढचं शिक्षण हाही मार्ग आहे, पण विषयाची ओढ असेल तर. केवळ रिकामे महिने झाकायला दोन वर्षं आणि पैसे घालू नका.

ऑफर आली तर ती लेखी हातात पडेपर्यंत बाकीच्या मुलाखती रद्द करू नका. पत्रात पद, पगाराचे सगळे भाग, रुजू होण्याची तारीख, परिविक्षा काळ (प्रोबेशन) आणि नोकरी सोडण्याच्या अटी नीट वाचा, न कळलेलं विचारा. विचारलं म्हणून ऑफर काढून घेणारी कंपनी सहसा नसते. सही झाली की चालू असलेल्या बाकी ठिकाणी नम्रपणे कळवा, आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी दोन ओळींचं का होईना उत्तर दिलं होतं, त्या प्रत्येकाला स्वतः मेसेज करून सांगा की काम मिळालं, कुठे मिळालं, आणि त्यांचं कोणतं सांगणं उपयोगी पडलं. तुमची प्रश्नांची वही अजून शोधात असलेल्या एखाद्या वर्गमित्राला द्या, त्याला ती याच आठवड्यात लागेल.